ओळंबा सरळ लोंबत नाही

गवंड्याच्या हातातला ओळंबा तुम्ही पाहिलाच असेल. एक दोरा आणि खाली पितळेचं किंवा लोखंडाचं वजन. वजनाचं डुलणं थांबलं की दोरा जी दिशा दाखवेल ती सरळ. भिंत चुकेल, गवंडी चुकेल, ओळंबा चुकणार नाही, अशी आपली पक्की खात्री असते. त्याला साक्षात पृथ्वी ओढते आहे, मग तो कशाला फसवेल?

आता शाळेतली आकृती आठवा. वाटोळी पृथ्वी, मधोमध केंद्राचा ठिपका आणि जगभरातले सगळे ओळंबे त्या ठिपक्याकडे रोखलेले. देखणी आकृती आहे, पण खरी नाही. उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरजवळ कलियाना नावाचं गाव आहे. तिथे सोडलेला ओळंबा किंचित उत्तरेकडे कलतो, कारण तिकडे शंभरेक किलोमीटरवर हिमालय सुरू होतो आणि तो त्याला आपल्याकडे ओढतो. ही ओढ डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. तरीही दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ती आकड्यांत सापडली. तिचा माग काढता काढता माणसाला डोंगरांच्या खाली काय आहे हे कळलं, आणि त्यासाठी कुणाला एक खड्डाही खणावा लागला नाही!

हे घडलं कसं, ते समजून घ्यायला थेट 10 एप्रिल 1802 या दिवसापाशी जावं लागतं. त्या दिवशी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट या टेकडीच्या परिसरात विल्यम लॅम्बटन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने जमिनीवर एक रेषा मोजायला घेतली. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे हिंदुस्थानची बिनचूक मोजणी. दुसरी त्याहून मोठी, ती म्हणजे खुद्द पृथ्वीचा आकार. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, असं न्यूटनचं गणित सांगत होतं. ते खरं असेल, तर अक्षांशाचा एक अंश जमिनीवर सगळीकडे सारख्या लांबीचा भरणार नाही, उत्तरेकडे जाल तसा तो लांबत जाईल. किती लांबतो, हे लॅम्बटनला मोजायचं होतं.

यामागचं गणित दहावीतल्या मुलालाही कळावं इतकं सोपं आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले की उरलेल्या दोन बाजू आकडेमोडीने मिळतात. मग त्यांतलीच एक बाजू घेऊन तिच्यावर पुढचा त्रिकोण उभा करायचा, त्याच्यावर आणखी पुढचा. म्हणजे तत्त्वतः साऱ्या देशात साखळीने मोजायची ती एकच रेषा, बाकी सगळं नुसतं दुर्बिणीतून बघून! वाटेत नदी असो, जंगल असो, नाहीतर दरी असो, पलीकडचं टोक दिसलं की पुरे. याहून सुंदर कल्पना कोणती असेल?

पण ती एक रेषा तरी नीट मोजायला हवी ना?

ती होती सुमारे बारा किलोमीटरांची, आणि ती मोजायला लागले सत्तावन्न दिवस. म्हणजे दिवसाकाठी जेमतेम दोनशे मीटर. एवढं अंतर आपण तीन मिनिटांत चालून जातो. मग इतके दिवस का लागले? लॅम्बटनची साखळी पोलादी, शंभर फुटी. अडीच-अडीच फुटांचे चाळीस दुवे. जमिनीवर टाकली तर ती खड्ड्याउंचवट्यांतून वाकडीतिकडी होणार, म्हणून तिपायांवर लाकडी पेट्या मांडून त्यांत ती ताणून ठेवायची. वर सावलीला तंबू, पेट्यांमध्ये तापमापक. तापमापक कशाला, तर पोलाद उन्हाने वाढतं. तापमान एक अंश फॅरनहाइटने चढलं की शंभर फुटांची साखळी इंचाच्या सुमारे सव्वाशेव्या भागाने लांबते. हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही. पण त्या रेषेवर साखळी चारशेच्या आसपास वेळा अंथरायची होती. चारशेने गुणा आणि बघा, एका अंशाला तीन इंच! मद्रासच्या एप्रिलमध्ये सकाळ आणि दुपार यांत किती अंशांचा फरक पडतो, हे तिथे राहिलेल्या माणसाला विचारा. शिवाय ओढाताणीने दुव्यांचे सांधे झिजतात आणि साखळी हळूहळू लांब होत जाते. म्हणून तशीच दुसरी साखळी न वापरता जपून ठेवलेली होती. तिच्याशी पहिली पुन्हा पुन्हा ताडून बघायची.

पुस्तकात जी रेषा दोन बिंदू जोडले की तयार होते, तिची जमिनीवर अशी गत होते.

पुढे कोन. त्यासाठी लंडनहून थिओडोलाइट आणलेला होता. ते यंत्र जवळजवळ अर्ध्या टनाचं होतं आणि त्याची कोन मोजणारी चकती तब्बल तीन फूट व्यासाची. 1808 साली तंजावरच्या बृहदीश्वराच्या शिखरावर हे धूड दोरांनी चढवत होते. तिथे तेव्हा भोसल्यांची, सरफोजीराजांची गादी होती. आजूबाजूच्या सपाट भातखाचरांतून दूरवर दिसेल असं उंच ठिकाण देवळाच्या शिखराशिवाय दुसरं कोणतं? यंत्र वर चाललं असताना एक दोर तुटला आणि ते भिंतीवर आपटलं. तीन फुटी चकती वाकली. तिच्यावर केसांहून बारीक खुणा कोरलेल्या होत्या. नवं यंत्र विलायतेहून यायला वर्षं लागली असती. लॅम्बटनने ते तंबूत घेतलं आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या यांच्या साहाय्याने चकती कणाकणाने ओढत तिला पूर्वीचा गोल आकार दिला. सहा आठवडे तो त्याच कामात होता. त्याच दुरुस्त यंत्राने पुढे कित्येक वर्षं मोजणी चालली.

आता एक खरंच थक्क करणारी गोष्ट सांगतो. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज किती? एकशे ऐंशी अंश, हे आपण झोपेतही सांगू. पण लॅम्बटनच्या त्रिकोणांची बेरीज एकशे ऐंशीहून जास्त भरायची, आणि भरायलाच हवी होती. एकशे ऐंशीचा नियम सपाट कागदाचा आहे. हे त्रिकोण पृथ्वीच्या फुगीर पाठीवर पसरलेले होते. त्रिकोण जेवढा मोठा, तेवढी बेरीज जास्त. साधारण दोनशे चौरस किलोमीटरांमागे एक सेकंद. इथे सेकंद म्हणजे घड्याळातला नव्हे, अंशाचा तीन हजार सहाशेवा भाग. तीन डोंगरांवरच्या खुणा दुर्बिणीतून बघायच्या, बेरीज करायची आणि त्या बेरजेत पृथ्वीचा गोलावा दिसायचा! समुद्रावर जायला नको की ग्रहणाची वाट बघायला नको.

त्रिकोणांची ही रांग दक्षिणेकडून चढत चढत आपल्या वऱ्हाडापर्यंत आली. लॅम्बटन सत्तरीला टेकला होता तरी छावणीबरोबर फिरतच होता. हैदराबादहून नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 रोजी वर्ध्याजवळ हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. जगातल्या थोर शास्त्रीय उद्योगांपैकी एकाचा जनक आपल्या विदर्भाच्या मातीत आहे, हे आपल्या शालेय पुस्तकांत यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढचं काम उचललं जॉर्ज एव्हरेस्टने. जगातलं सर्वोच्च शिखर ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो हाच. गंगा-यमुनेच्या सपाट दुआबात उंच जागा नव्हती, म्हणून त्याने पन्नास-साठ फुटी मनोरे बांधले. दिवसा धुरळ्यातून पलीकडची खूण दिसेना, म्हणून रात्री दिवे लावले. प्रकाश हवेतून सरळ जातो असं आपण मानतो, पण तोही वाकतो. खालची हवा आणि वरची हवा यांची घनता वेगळी, म्हणून दूरचा दिवा असतो त्याहून थोडा वर दिसतो. आकडेमोड करणाऱ्याला ही डोकेदुखी. एव्हरेस्टने तिचा फायदा करून घेतला. रात्री हवेचं हे वाकवणं वाढलं की दिवसा क्षितिजाआड राहिलेली खूण वर उचलल्यासारखी दिसे आणि मोजता येई! त्याच्याबरोबर यंत्रांचा जादूगार म्हणावा असा अर्काटचा मीर मोहसीन हुसेन होता आणि विशीही न ओलांडलेला कलकत्त्याचा राधानाथ सिकदर होता. सिकदरच्या गणितावर एव्हरेस्टचा फार भरवसा होता.

त्रिकोण बरोबर जमले आहेत की नाहीत, याची परीक्षा अशी. मध्य भारतातल्या सिरोंजजवळ अशीच एक आधाररेषा प्रत्यक्ष मोजलेली होती. तिथून सातशेच्या आसपास किलोमीटर नुसत्या त्रिकोणांनी उत्तरेला जायचं. डेहराडूनजवळ ठरवलेल्या रेषेची लांबी आधी गणिताने काढायची, मग तीच रेषा जमिनीवर मोजायची. दोन्ही आकड्यांत फरक पडला तो सुमारे सात इंचांचा. बारा किलोमीटरांच्या रेषेत सात इंच!

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. ती खरी सुरू होते इथूनच.

दोन गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर काढायची दुसरीही एक रीत आहे. त्रिकोण नकोत, साखळी नको. रात्री आकाशाकडे बघायचं. एखादा तारा डोक्यावरच्या बिंदूपासून किती अंश दूर आहे, हे दोन्ही गावांतून मोजलं की त्यांच्या अक्षांशांतला फरक मिळतो. सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना या दोन ठाण्यांमधला फरक असा दोन्ही रीतींनी काढला. त्रिकोणांनी सांगितलं, 5 अंश 23 मिनिटं 42.29 सेकंद. ताऱ्यांनी सांगितलं, 5 अंश 23 मिनिटं 37.06 सेकंद.

तफावत सव्वापाच सेकंदांची, नेमकं सांगायचं तर 5.236. हा कोन केवढा, तर किलोमीटरभर अंतरावर धरलेली एक इंच लांबीची वस्तू आपल्या डोळ्याशी करते तेवढा. जमिनीवर त्याचे एकशे साठ मीटर होतात. सात इंचांपर्यंत पोचलेल्या माणसांच्या हिशेबात एकशे साठ मीटर कुठून आले?

एव्हरेस्टने ही तफावत मोजणीतल्या चुकांच्या खात्यात टाकली आणि सगळ्या रेषेवर थोडी थोडी वाटून दिली. त्याला दोष देता येत नाही. हजारो निरीक्षणं, ताप, पाऊस, तुटके दोर एवढ्यातून सव्वापाच सेकंद उरले तर माणूस दुसरं काय म्हणेल?

पण कलकत्त्याचा आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट याचं समाधान होईना. हा धर्मगुरू केंब्रिजचा कसलेला गणिती होता. या साऱ्या कथेतला माझा सर्वांत आवडता माणूस हाच. चुकीच्या खात्यावर टाकलेले सव्वापाच सेकंद त्याने पुन्हा बाहेर काढले आणि विचारलं, तारा मोजताना ‘डोक्यावरचा बिंदू’ कुणी ठरवला?

ओळंब्याने. आणि कलियानाला शेजारी हिमालय आहे.

वस्तुमान वस्तुमानाला ओढतं, मग डोंगर ओळंब्याला ओढणारच, हे न्यूटनपासून माहीत होतं. 1738 साली फ्रान्सच्या पिएर बूगेने आजच्या इक्वेडोरमधल्या चिंबोराझो पर्वतापाशी ही ओढ शोधली होती. 1774 मध्ये स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगराच्या दोन्ही अंगांना तारे मोजून नेव्हिल मॅस्केलाइनने ती पक्की मोजली आणि तिच्यावरून पृथ्वीच्या घनतेचा अंदाज बांधला होता. मग हिमालय आणि त्यामागचं तिबेटचं पठार यांची ओढ किती भरेल? प्रॅटने ठाण्याभोवतीच्या प्रदेशाचे कागदावर तुकडे पाडले, प्रत्येकाची सरासरी उंची धरली आणि एकेकाची ओढ मांडत गेला. तिबेटचे पुरते नकाशेही तेव्हा नव्हते.

उत्तर आलं. कलियानाचा ओळंबा 27.853 सेकंदांनी कलायला हवा, कल्याणपूरचा 11.968 सेकंदांनी. दोन्हींतला फरक 15.885.

हवे होते सव्वापाच, मिळाले जवळजवळ सोळा!

तफावत समजावून सांगायला हिमालय साक्षीला बोलावला, तर त्याची ओढ तिपटीने जास्त निघाली. प्रॅटने उंचीचे अंदाज बदलून पाहिले, आकडे खालीवर करून पाहिले, पण सोळाचे पाच होईनात. डोंगर डोळ्यांसमोर उभा आहे, त्याचं वजन मात्र कुठे गेलं? हिमालय आतून पोकळ आहे की काय? बूगेलाही त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी चिंबोराझोची ओढ अपेक्षेपेक्षा फार कमी भरली होती. म्हणजे पृथ्वीच्या दोन टोकांना असलेले दोन पर्वत एकच गोष्ट सांगत होते.

प्रॅटचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत गेला. काही आठवड्यांतच, 1855 च्या सुरुवातीला, ग्रिनिचचा राजज्योतिषी जॉर्ज एअरी याने त्याला अवघ्या काही पानांचं उत्तर दिलं. प्रॅटचा निष्कर्ष वाचून आधी आपण चकित झालो, मग लक्षात आलं की याची अपेक्षा आधीच करायला हवी होती, असं त्याने लिहिलं. त्याचं म्हणणं त्याच्याच दृष्टान्ताने सांगतो. पाण्यावर लाकडाचे ओंडके तरंगताहेत. एक ओंडका शेजाऱ्यांपेक्षा जास्त वर आलेला दिसला, तर तुम्ही काय ओळखाल? तो जाड आहे, आणि पाण्याखालीही जास्त खोल गेलेला आहे. हिमालय तसा आहे. तो जमिनीवर ठेवलेला नाही, तो तरंगतो आहे. हलक्या खडकाचं, वर जेवढा दिसतो त्याच्या कितीतरी पट खोल मूळ त्याच्याखाली आहे, आणि त्या मुळाने तिथला जड खडक बाजूला सारला आहे.

आता ओळंब्याकडे पुन्हा बघा. वर डोंगराचं वस्तुमान जास्तीचं आहे, ते ओढतं. खाली जड खडकाच्या जागी हलकं मूळ आहे, म्हणजे तिथे वस्तुमान कमी पडतं आणि ओढ घटते. दूरवरून पाहिलं तर दोन्ही जवळजवळ फिटतात. जवळ गेलं की डोंगर नजीकचा आणि मूळ खोलवरचं, म्हणून थोडी ओढ शिल्लक राहते. ते सव्वापाच सेकंद म्हणजे ही शिल्लक ओढ.

साध्या हिशेबाने एक किलोमीटर उंची तोलून धरायला चार-पाच किलोमीटर मूळ लागतं. खरंच तसं आहे का, हे बघायची सोय एअरीच्या हयातीत नव्हती. 1909 मध्ये क्रोएशियातल्या भूकंपाच्या लाटा तपासताना आंद्रिया मोहोरोव्हिचिच याला हलकं कवच आणि खालचा जड खडक यांमधली सीमा सापडली. पुढे ती जगभर मोजली गेली. मैदानी प्रदेशांत ती साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर आहे. तिबेटखाली सत्तरच्या आसपास! खालचा खडक एअरीला वाटला तसा वितळलेला नाही, तो घनच आहे, पण हजारो वर्षांच्या हिशेबात तो वाहतो. बॉथनियाच्या आखाताभोवतीच्या स्वीडन-फिनलंडवरचं हिमयुगातलं बर्फ वितळून हजारो वर्षं लोटली, तरी ओझं उतरलेली ती जमीन अजून वर येते आहे, वर्षाला सुमारे नऊ मिलिमीटर. या तरंगण्याला 1889 मध्ये अमेरिकेच्या क्लॅरेन्स डटनने आयसोस्टसी हे नाव दिलं. प्रॅटने स्वतः वेगळा खुलासा मांडला होता, की उंच भागाचा खडकच मुळात कमी घनतेचा असतो. पर्वतांच्या बाबतीत एअरीचं जास्त खरं ठरलं, समुद्रतळावरच्या पर्वतरांगांच्या बाबतीत प्रॅटचं.

आणि ओळंबा जिथे कलतो तिथे पाणीही कलतं. सपाट पाणी म्हणजे काय, तर ओळंब्याशी काटकोनात असलेला पृष्ठभाग. मग ‘समुद्रसपाटी’ तरी सपाट कशी असेल? ती नाहीच! पृथ्वीच्या पोटात कुठे जड तर कुठे हलका माल भरलेला आहे, त्यानुसार समुद्राला उंचवटे आणि खोलगट भाग आहेत. जगातला सर्वांत मोठा खोलगट भाग आपल्याच शेजारी, श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे. पृथ्वीचा गुळगुळीत, आखीव आकार कल्पिला, तर तिथे समुद्र त्याच्या शंभर मीटरहून अधिक खाली आहे. जहाजातल्या माणसाला याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या जहाजावरचा ओळंबाही त्याच उतारानुसार लोंबतो. 2020 मध्ये नेपाळ आणि चीनने एव्हरेस्टची उंची 8,848.86 मीटर जाहीर केली, तेव्हासुद्धा अवघड काम शिखराइतकंच पायथ्याचं होतं. त्या डोंगराच्या पोटाखाली समुद्र असता तर त्याची पातळी कुठे राहिली असती, हे नेपाळच्या पथकांना गुरुत्वाकर्षण मोजत फिरून ठरवावं लागलं.

हे तुम्हाला स्वतः बघता येईल. जीपीएसचे उपग्रह उंची मोजतात ती त्या आखीव, गणिती पृथ्वीपासून. बरेच मोबाइल ती समुद्रसपाटीशी जुळवून दाखवतात, पण उपग्रहाकडून आलेला कच्चा आकडा जसाच्या तसा दाखवणारी अॅपही मिळतात. तसं एखादं अॅप घेऊन गिरगाव चौपाटीवर पाण्याच्या कडेला उभे राहा. उंची शून्य दिसणार नाही, उणे साठच्याही खाली दिसेल. फोन बिघडलेला नाही. अरबी समुद्र तिथे खरोखरच तेवढा खाली आहे. गोव्याला जाल तेव्हा मिरामारच्या किनाऱ्यावर हाच प्रयोग पुन्हा करा. तिथला आकडा आणखी खालचा निघेल.